फोल्डस्कोप: कांद्याला पुरून उरतो, गालाच्या पेशींपाशी दमतो

फोल्डस्कोप हा कागदी सूक्ष्मदर्शक घेण्याआधी त्यातून काय बघायचंय ते ठरवा. वनस्पतिपेशी बघायच्या असतील तर बेलाशक घ्या. प्राणिपेशींसाठी घेत असाल तर थोडी खटपट करायची तयारी हवी.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मनू प्रकाश यांच्या गटाने २०१४ मध्ये जगापुढे मांडलेलं हे उपकरण म्हणजे घड्या घालून जोडायचा, पाण्याने खराब न होणारा कागद आणि त्यात बसवलेलं एकच गोळीसारखं भिंग. वस्तू १४० पट मोठी दिसते आणि साधारण २ मायक्रॉनपर्यंतचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तपशील कळतो. कांद्याच्या पापुद्र्यातली पेशी पाव मिलिमीटरच्या आसपास लांब असते, गालाच्या आतली ५०-६० मायक्रॉन रुंद. त्यामुळे आकाराची अडचण नाही. अडतं ते काँट्रास्टपाशी, म्हणजे पेशी उजेडातून उठून दिसण्यापाशी, कारण इथे ना प्रकाश नमुन्यावर एकवटणारा कंडेन्सर आहे ना प्रकाश कमी-जास्त करणारा पडदा.

जोडणी सोपी आहे, पहिल्यांदा अर्धा तास धरून चाला. ‘काहीच दिसत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा स्लाइड उलटी घातल्यामुळे येते. भिंग आणि नमुना यांच्यात जेमतेम अर्धा मिलिमीटर जागा असते आणि स्लाइडची काच तर एक मिलिमीटर जाड. म्हणून कव्हरस्लिपची (नमुन्यावर झाकायच्या पातळ काचेची) बाजू भिंगाकडेच हवी. डोळा भिंगाला जवळजवळ टेकवायचा. लांबून डोकावलं तर नुसता उजेडाचा ठिपका दिसतो. आणि प्रकाशासाठी ते सूर्याकडे कधीही धरू नका, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

कांद्यासाठी पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा पातळ पापुद्रा चिमट्याने ओढा आणि तो वाळायच्या आत पाण्याच्या थेंबात पसरा. केंद्रकासाठी आयोडीन हवं. औषधाच्या दुकानातलं पोव्हिडोन आयोडीन चालतं, पण एका थेंबाला आठ-दहा थेंब पाणी घाला, नाहीतर सगळंच तपकिरी होऊन बसतं. कव्हरस्लिप एका कडेने तिरकी टेकवून हळू सोडा. तरीही काळ्या जाड कडांची वर्तुळं दिसलीच तर ते हवेचे बुडबुडे. त्यांना पेशी समजून वहीत चित्र काढणारे दरवर्षी भेटतात.

फोल्डस्कोपची खरी कमाल लाल कांद्यावर दिसते. जांभळ्या पाकळीच्या बाहेरच्या बाजूचा पापुद्रा घ्या, रंग अजिबात घालू नका. १०० मिली पाण्यात ५ ग्रॅम मीठ विरघळवून त्याचा थेंब कव्हरस्लिपच्या एका कडेला सोडा आणि समोरच्या कडेला टिश्यूपेपर लावून तो आत ओढून घ्या. काही मिनिटांत रिक्तिकेतलं, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीतलं, पाणी बाहेर पडतं, जांभळा भाग आकसतो आणि पेशीभित्तिका मात्र होती तिथेच राहते. भित्तिका आणि तिच्या आतलं पातळ प्रद्रव्यपटल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे फळ्यावरच्या आकृतीपेक्षा इथे लवकर पटतं. मत्स्यालयाच्या दुकानातल्या हायड्रिला या पाणवनस्पतीचं पानही असंच बिनरंगाचं बघता येतं. त्यातली हरितलवकं (प्रकाशसंश्लेषण करणारे पेशीतले भाग) हिरव्या दाण्यांसारखी दिसतात.

गालाच्या पेशींना पेशीभित्तिका नाही आणि स्वतःचा रंगही नाही, त्यामुळे न रंगवता त्या उजेडात विरघळल्यासारख्या होतात. स्वच्छ कापूसकाडी गालाच्या आतून हलकेच फिरवून ती मिठाच्या पाण्याच्या (१०० मिलीला ०.९ ग्रॅम) थेंबात घोळवा. वर पातळ केलेल्या मिथिलिन ब्लू या निळ्या रंगाचा छोटा थेंब टाकून दोन मिनिटं थांबा, मग जादा रंग टिपून घ्या. पेशी एकमेकींवर चढून निळा गोळा दिसला तर नमुना जास्त झालाय. इथे मोकळ्या आभाळाचा पसरट उजेड कामाचा नाही. खोलीच्या दुसऱ्या टोकाचा एकच लहान दिवा धरला की कडा उठून दिसतात. इतकं करूनही प्रतिमा मधोमधच स्पष्ट असते, कडेला धूसर होत जाते. एकाच गोल भिंगाचा हा दोष आहे, त्यावर इलाज नाही.

आठवी-नववीच्या प्रात्यक्षिकांसाठी मात्र शाळेतला १० आणि ४५ पटीच्या वस्तुभिंगांचा संयुक्त सूक्ष्मदर्शकच बरा. १० पटीच्या नेत्रभिंगासह तो ४५० पटींपर्यंत जातो, फोकसचं बारीक चाकही त्याला असतं. फोल्डस्कोपमध्ये फोकस कागदी पट्टी सरकवून करायचा. अंगठा जरा दाबला गेला की हुकतो. चुंबकाने मोबाइल चिकटवला तर हा त्रास बराच कमी होतो आणि एकाच वेळी चारजण बघू शकतात. तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारे तिच्यातले भाग) दिसतील अशी आशा मात्र ठेवू नका. त्या अर्धा ते एक मायक्रॉन जाड, म्हणजे या भिंगाच्या पलीकडच्या.

घ्यायचाच तर एलईडी दिवा असलेला संच घ्या. भिंगाला बोट लागलं तर चष्म्याच्या मऊ फडक्याने पुसा. आयोडीन किंवा मिठाचं पाणी कव्हरस्लिपबाहेर ओघळलेलं असेल तर स्लाइड आत सरकवण्याआधी टिपून घ्या. एकदा ते भिंगावर वाळलं की तासभर फोकसशी झटापट करूनही डाग तेवढा दिसत राहतो.