गाइडविना शिकारीचे आमिष : दक्षिण आफ्रिकेतील एका फसवणुकीचा अनुभव

टेक्सासमध्ये राहणाऱ्या शिकाऱ्याला गाइडविना शिकार, म्हणजे येथील भाषेत ‘सेल्फ-गाइडेड हंट’, मुळीच विलक्षण वाटत नाही. या राज्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक जमीन खाजगी मालकीची आहे. मालकाला ठरलेले पैसे द्यायचे, राज्याच्या पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याचे लायसन्स खिशात ठेवायचे आणि आपली रायफल घेऊन आपल्याच जबाबदारीवर रानात शिरायचे, अशी येथील सर्रास पद्धत आहे. विदर्भातील शेतकरी जिला रोही म्हणतात आणि जिच्यापासून तूर-हरभरा राखण्यासाठी रात्र-रात्र जागतात, ती नीलगायसुद्धा दक्षिण टेक्सासमध्ये शिकारीचे जनावर आहे. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात किंग रँचवर सोडलेल्या कळपांपासून तिची संख्या वाढत गेली आणि तिच्या शिकारीला हंगामाचे बंधनही नाही. आम्ही तिघे मराठी मित्र अनेक वर्षे याच रीतीने शिकार करीत आलो आहोत. त्यामुळे दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो प्रांतातील एका खाजगी फार्मवर गाइडविना केप बफेलोच्या, म्हणजे आफ्रिकी रानम्हशीच्या, शिकारीचा प्रस्ताव समोर आला, तेव्हा आम्हाला त्यात नवल वाटले ते फक्त जनावराचे, पद्धतीचे नव्हे.

प्रस्ताव पाठवणारा स्वतःला वॉटरबर्ग भागातील एका जमीनमालकाचा मुलगा म्हणवत होता. पाच दिवसांचा मुक्काम, छतावर तंबू असलेली चारचाकी गाडी, जेवण आपले आपण शिजवायचे, आणि माणशी एक बफेलो मादी आणि कुडू व इम्पाला या हरणासारख्या जनावरांपैकी एक कुडू व दोन इम्पाला, असा तो बेत होता. दर माणशी ६,८०० डॉलर सांगितला होता. हा दर फार विचारपूर्वक ठरवलेला होता, असे माझे आता मत आहे. व्यावसायिक शिकारी, म्हणजे परवानाधारक गाइड, बरोबर घेऊन बफेलो नराची शिकार करायची तर दहा हजार डॉलरच्या पुढेच हिशेब जातो. मादीचा दर त्याहून कमी असतो. त्यातून व्यावसायिक शिकाऱ्याचे रोजचे मानधन वजा केले की जो आकडा उरतो, त्याच्या आसपासच ही किंमत होती. अविश्वसनीय स्वस्ताई पाहून माणूस सावध होतो, पण पटण्याजोगी बचत दिसली की तो कागद-पेन घेऊन हिशेब करायला बसतो. आम्हीही तेच केले.

त्या गृहस्थाच्या बोलण्यात खोट्यापेक्षा खरे अधिक होते, हे मला मुद्दाम नोंदवायचे आहे. दक्षिण आफ्रिकेत १९९१ च्या ‘गेम थेफ्ट ॲक्ट’नुसार पुरेसे कुंपण असल्याचे प्रमाणपत्र मिळालेल्या जमिनीतील वन्य जनावरांवर मालकाचा हक्क टिकून राहतो, ही गोष्ट खरी आहे. ती त्याने आम्हाला कायद्याच्या नावासह सांगितली आणि पडताळून पाहण्यास स्वतःच सुचवले. गाइडविना शिकार तेथे सर्रास चालते, हेही खरे आहे. हिवाळ्यात जोहान्सबर्ग-प्रिटोरियाची कुटुंबे फार्मवर जाऊन राहतात, जनावरागणिक पैसे मोजतात आणि मांस वाळवून बिल्टाँग करण्यासाठी घरी नेतात. अशा फार्मांचे दरपत्रक उघडपणे उपलब्ध असते आणि त्याने पाठवलेले दरपत्रक तसेच, एका खऱ्या फार्मचे होते. आमच्यातील ज्येष्ठ मित्र म्हणाले, “अहो, जनावर जमीनमालकाचेच असेल, तर मध्ये सरकारचा संबंध येतोच कुठे?” त्या वेळी या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कोणाकडेही नव्हते.

त्याने जे सांगितले नाही, त्यावरच सारा व्यवहार उभा होता. बिल्टाँगसाठी गाइडविना शिकार करण्याची ही मोकळीक त्या देशातील रहिवाशांसाठी आहे. परदेशातून येणाऱ्या शिकाऱ्याची शिकार प्रांताकडे नोंदलेल्या हंटिंग आउटफिटरनेच, म्हणजे शिकार आयोजित करणाऱ्या व्यावसायिकानेच, आयोजित करावी लागते आणि प्रत्यक्ष रानात त्याच्याबरोबर परवानाधारक व्यावसायिक शिकारी असावाच लागतो. शिकार सुरू होण्यापूर्वी आउटफिटर आणि पाहुणा यांच्यात लेखी करार व्हावा लागतो. हे नियम प्रांतांच्या कायद्यांत आहेत. लिम्पोपोमध्ये २००३ चा पर्यावरण व्यवस्थापन कायदा लागू आहे. जमीन कोणाची, कुंपण कोणाचे आणि जनावर कोणाचे, याने परदेशी माणसाच्या बाबतीत काहीही फरक पडत नाही. तात्पर्य, अमेरिकन किंवा भारतीय पासपोर्टवर पर्यटक म्हणून जाणाऱ्या माणसाला विकता येईल अशी गाइडविना बफेलोची शिकार दक्षिण आफ्रिकेत अस्तित्वातच नाही. जी वस्तूच नाही ती विकणाऱ्याशी आम्ही चांगली की वाईट, महाग की स्वस्त, याची चर्चा करीत होतो.

निम्मी रक्कम आगाऊ वायर ट्रान्सफरने पाठवायची होती आणि ती आम्ही पाठवली. खाते कंपनीच्या नावावर नव्हते, एका व्यक्तीच्या नावावर होते. वडिलांची कंपनी वारसाहक्काच्या वादामुळे गोठली आहे, असे कारण त्याने दिले. व्हिडिओ कॉलवर तो एका पिकअप गाडीच्या मागे उभा राहून बोलला. पाठीमागे तांबडी माती, काटेरी झुडपे आणि उंच जाळीचे कुंपण दिसत होते. यानंतर मागण्या सुरू झाल्या आणि प्रत्येक मागणीला खऱ्या गोष्टीचा आधार होता. क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातील बफेलोंमध्ये लाळ्या-खुरकुताचे विषाणू असतात, म्हणून त्या भागात बफेलोंच्या वाहतुकीवर पशुवैद्यकीय निर्बंध आहेत; त्याचा दाखला देऊन ‘रोगमुक्त बफेलो प्रमाणपत्रा’चे पैसे मागितले गेले. नंतर रायफल आत आणण्याच्या परवान्याचे शुल्क आले. हे शुल्क शुद्ध बनावट होते. तो परवाना दक्षिण आफ्रिकी पोलीस विमानतळावर देतात आणि त्यासाठी स्वतः पैसे घेत नाहीत; जे पैसे मोजावे लागतात ते कागदपत्रे आधी तयार करून देणाऱ्या खाजगी एजन्सीचे असतात.

याच परवान्याने प्रकरण उघडे पडले. दक्षिण आफ्रिकी पोलिसांचा एसएपीएस ५२० नावाचा अर्ज काळ्या शाईने भरावा लागतो आणि सही पोलीस अधिकाऱ्यासमोरच करावी लागते. अर्जासोबत आउटफिटरचे निमंत्रणपत्र जोडावे लागते आणि त्यात शिकारीच्या तारखा व ठिकाण असावे लागते. अमेरिकेतून निघताना कस्टम्सच्या ४४५७ क्रमांकाच्या फॉर्मवर रायफलची नोंद करून घ्यावी लागते, ती आम्ही केली होती. निमंत्रणपत्र मागितल्यावर त्याने आधी टाळाटाळ केली आणि मग एका व्यावसायिक शिकाऱ्याचे नाव व नोंदणी क्रमांक असलेले पत्र पाठवून, “हे केवळ कागदासाठी आहे, तो माणूस प्रत्यक्ष येणार नाही,” असे कळवले. अर्जाचे काम पाहणाऱ्या जोहान्सबर्गच्या एजन्सीतील बाईंनी ते पत्र वाचून आम्हाला एकच सूचना केली : या शिकाऱ्याला थेट विचारा. आम्ही विचारले. ते नाव खऱ्या माणसाचे होते, क्रमांकही खरा होता, आणि त्या माणसाने आमच्याविषयी किंवा त्या विक्रेत्याविषयी कधी काही ऐकलेले नव्हते. मग फार्मच्या मालकांना फोन केला. त्यांना मुलगाच नव्हता. छायाचित्रे त्यांच्या फार्मची होती, दरपत्रक त्यांचे होते, आणि त्यावर सर्वांत वर आफ्रिकान्समध्ये ‘फक्त रहिवाशांसाठी’ असे लिहिलेली ओळ आम्हाला पाठवलेल्या प्रतीतून काढून टाकलेली होती.

आमचे पैसे गेले, पण आम्ही विमानात बसलो नव्हतो. याच फसवणुकीचा दुसरा, मला अधिक भयंकर वाटणारा प्रकार असा, की पाहुण्याला खरोखरच विमानतळावर उतरवून घेतले जाते, कोणाच्या तरी रानात नेले जाते आणि जनावर मारू दिले जाते. त्या क्षणापासून गुन्हेगार पाहुणाच ठरतो. परवान्याविना शिकारीसाठी तेथील पोलीस रायफल जप्त करू शकतात आणि खटला भरू शकतात. एवढ्याने प्रकरण संपत नाही. परक्या देशाचा कायदा मोडून मारलेल्या जनावराचे शिंग किंवा कातडे अमेरिकेत आणणे हा १९०० पासून चालत आलेल्या लेसी कायद्याखाली अमेरिकेतही गुन्हा आहे. असा माणूस फसवला गेला, हे तक्रारीत लिहायलाही धजावत नाही, आणि विक्रेत्याला नेमके तेच हवे असते. जखमी बफेलोचा माग झुडपात एकट्याने काढायची वेळ आली तर काय होईल, हा प्रश्न तर कायद्याच्याही आधीचा आहे. आयुष्यभर हरणे मारलेल्या माणसाला त्याचा अनुभव नसतो आणि व्यावसायिक शिकारी बरोबर असण्याचे खरे कारण तेच आहे.

बँकेने रक्कम परत मागवण्याची विनंती पाठवली, पण तोवर खाते रिकामे झाले होते. एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्राकडे आम्ही तक्रार नोंदवली. दक्षिण आफ्रिकेतील पोलिसांकडेही शपथपत्रासह प्रकरण दिले आहे. रक्कम मिळेल अशी आशा मी धरलेली नाही. मात्र पुढील माणसाला आपल्या तक्रारीला दुजोरा मिळावा, म्हणून नोंद असणे आवश्यक वाटते.

ज्यांना तेथे शिकारीस जायचेच आहे, त्यांनी चौकशी विक्रेत्याने दिलेल्या क्रमांकांवर न करता उलट बाजूने करावी. आउटफिटरचा आणि व्यावसायिक शिकाऱ्याचा परवाना वैध आहे का, हे संबंधित प्रांताच्या पर्यावरण खात्याला ईमेल करून विचारता येते. कंपनीची नोंद त्या देशाच्या कंपनी निबंधकाकडे तपासता येते. दक्षिण आफ्रिकेत व्यावसायिक शिकाऱ्यांची ‘फासा’ ही संघटना आहे. तिच्या सदस्यांविषयी तिच्याकडेही विचारणा करता येते. फार्मचा फोन क्रमांक स्वतः शोधावा आणि मालकाशी बोलल्याखेरीज एक डॉलरही पाठवू नये. पैसे व्यक्तीच्या खात्यात मागितले, तर कारण कितीही करुण असले तरी व्यवहार तेथेच थांबवावा.

आम्हाला मिळालेलाच मजकूर, शब्दाशब्दाने तोच, आता नामिबियाच्या नावाने फिरत असल्याचे अन्य राज्यातील एका मराठी परिचिताने मला नुकतेच कळवले. नामिबियातही परदेशी पाहुण्याला नोंदणीकृत शिकार-व्यावसायिकाशिवाय ट्रॉफीची, म्हणजे शिंगे-कातडे आठवण म्हणून नेण्यासाठीची, शिकार करता येत नाही आणि परवाना पर्यावरण मंत्रालयाकडूनच घ्यावा लागतो. जाहिरातीत ख्रिसमसच्या सुट्टीतील तारखा आहेत. तेथील ट्रॉफी-शिकारीचा हंगाम १ फेब्रुवारी ते ३० नोव्हेंबर असा असतो. शिवाय ‘आपली नेहमीची हरणाची थर्टी-ऑट-सिक्स रायफल बफेलोला पुरेशी आहे’ असे त्यात आवर्जून लिहिले आहे. नामिबियाच्या नियमानुसार बफेलोसाठी गोळीची ऊर्जा किमान ५,४०० ज्यूल असावी लागते आणि त्या रायफलची ऊर्जा चार हजारांच्या आसपास असते.