गाडीत नवं नेव्हिगेशन: अँड्रॉइड स्क्रीन, डोंगल की मोबाइलचा स्टँड?

मारुतीच्या जुन्या स्मार्टप्ले सिस्टीममध्ये मॅपमायइंडियाचा नकाशा एसडी कार्डावर यायचा. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा सुरू झाला जून 2025 मध्ये. तो त्या कार्डावर कुठून असणार? मग माणूस ॲक्सेसरीजच्या दुकानात जातो आणि तिथला सल्ला ठरलेला असतो: "साहेब, नऊ इंची अँड्रॉइड टाकून घ्या." टाकायला हरकत नाही. पण स्टीअरिंगवरची बटणं, रिव्हर्स कॅमेरा, छतातला माइक, काही गाड्यांत तर एसीचं सेटिंगसुद्धा त्या जुन्या सेटशीच, म्हणजे डॅशबोर्डमधल्या मूळ स्क्रीनशीच, जोडलेलं असतं. तो काढल्यावर यातलं काय चालू राहील, हे आधी विचारा. स्क्रीन किती इंची, ते नंतर.

आधी केबल लावून बघा

चांगली डेटा केबल घ्या आणि फोन गाडीच्या यूएसबीला जोडा. अँड्रॉइड ऑटो किंवा आयफोनसाठीचं कारप्ले, म्हणजे फोनमधला नकाशा आणि गाणी गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय, उघडलं, तर माझ्या मते निर्णय तिथेच झाला. नकाशा फोनमधला, म्हणजे कायम ताजा. आणि गाडीतला एकही स्क्रू हलवायचा नाही. केबलचा कंटाळा असेल तर वायरलेस डोंगल घ्या. तो गाडीला 'मी केबलने जोडलेला फोनच आहे' असं भासवतो आणि तुमच्या फोनशी वायफायवरून बोलतो. बटणं, कॅमेरा, माइक सगळं जसंच्या तसं.

कुरबुरी आहेतच. गाडी सुरू केल्यावर डोंगल जोडला जायला थोडा वेळ लागतो, गाणं बदललं की क्षणभर उशीर होतो, फोन तापतो. नवरा-बायको दोघांचे फोन जोडलेले असतील तर तो नेमका नको तो फोन पकडतो. शिवाय प्रत्येक डोंगल प्रत्येक सेटशी जुळतोच असं नाही, म्हणून परत करता येईल अशा ठिकाणाहूनच घ्या. आणि गाडीत मुळात अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले नसेल, तर हा डोंगल तुमच्या कामाचा नाही.

अँड्रॉइड सेट: खरी मेख मागच्या वायरिंगमध्ये

ज्यांच्या गाडीत यातलं काहीच नाही त्यांच्यासाठी हा पर्याय चांगला आहे, फक्त बसवणारा माहीतगार हवा. स्टीअरिंगची बटणं दोन प्रकारे बोलतात. बऱ्याच गाड्यांत प्रत्येक बटणामागे वेगळा रेझिस्टर (विजेला ठरावीक रोध करणारा छोटा भाग) असतो. नव्या सेटच्या सेटिंगमध्ये जाऊन एकेक बटण दाबून ते 'शिकवावं' लागतं आणि काम होतं. दुसऱ्या प्रकारात बटणांचे संदेश गाडीच्या कॅन नेटवर्कवरून, म्हणजे गाडीतले इलेक्ट्रॉनिक भाग एकमेकांशी बोलतात त्या जाळ्यातून, येतात. तिथे हे संदेश नव्या सेटला समजावून देणारा, त्या मॉडेलचाच कॅनबॉक्स लागतो. तो चुकीचा निघाला तर बटणं मुकी होतात, आणि कधी कधी गाडी बंद केल्यावरही सेट पूर्ण झोपत नाही. मग सकाळी बॅटरी उतरलेली.

कॅमेऱ्याचं तसंच. टोयोटाच्या काही मूळ कॅमेऱ्यांना 6 व्होल्ट लागतात; कारागिराने सवयीने 12 व्होल्टची वायर जोडली की कॅमेरा जळाला. कॅमेरा वाचला तरी स्टीअरिंगबरोबर वळणाऱ्या रेषा जाऊन स्थिर रेषा येऊ शकतात, कारण चाकाचा कोन नव्या सेटला कळत नाही.

बोगद्यातही फरक दिसतो. कंपनीच्या नेव्हिगेशनला बहुधा गाडीचा वेग थेट मिळतो, त्यामुळे जीपीएस गेलं तरी बाण पुढे सरकतो. बाजारातला सेट अंदाजावर चालतो किंवा थबकतो. समृद्धीवर इगतपुरीजवळच्या सुमारे 8 किलोमीटरच्या बोगद्यात वळायचंच नाही, म्हणून भागतं. मुंबईच्या कोस्टल रोडवर मात्र उत्तरेकडे जाताना बोगदा संपला की थोड्याच अंतरात अमरसन्स आणि हाजी अलीचे फाटे येतात. तिथे उशिरा जागा झालेला बाण काय कामाचा?

दुकानदाराला एकच अट घाला: एकही वायर कापायची नाही, सगळं कपलर टू कपलर, म्हणजे गाडीच्या मूळ प्लगमध्ये प्लग बसवून. वॉरंटीतली गाडी असेल तर कापलेल्या वायरवरून सर्व्हिस सेंटर हात वर करू शकतं. स्पेसिफिकेशनच्या पानावर दाखवलेल्या रॅमवर फार विश्वास ठेवू नका. दुकानातच नकाशा आणि गाणी एकदम चालवून बघा.

मोबाइल स्टँड

सगळ्यात स्वस्त, आणि गाडी वर्षभरात विकायची असेल तर माझं मत यालाच. आवाज ब्लूटूथवरून स्पीकरला येतो, बाकी गाडी अबाधित. 1 ऑक्टोबर 2020 पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार गाडी चालवताना हातातलं उपकरण फक्त मार्ग पाहण्यासाठी, तेही लक्ष विचलित न होता वापरता येतं. म्हणून फोन एसीच्या जाळीवर लावा, काचेच्या मधोमध नको. ताम्हिणी किंवा वरंध घाटात जायचं असेल तर नकाशा आदल्या रात्री ऑफलाइन उतरवून ठेवा. हे तिन्ही पर्यायांना लागू.

अँड्रॉइड सेटच घेणार असाल, तर पैसे देण्याआधी दुकानाबाहेर गाडी उभी करून रिव्हर्स टाका, स्टीअरिंगवरून आवाज कमी-जास्त करा, एक फोन लावून समोरच्याला नीट ऐकू येतंय का विचारा. आणि जुना सेट एक्स्चेंजमध्ये देऊ नका. कपलरवर बसवलेलं असेल तर गाडी विकताना तो तासाभरात परत लावता येतो.