दुधाळ पाणी, हिरवं पाणी, लाकडावरची लव: थांबायचं की हात घालायचा?

माशांच्या टँकमधलं पाणी गढूळ दिसलं की कुणी लगेच बादली उचलतं, कुणी औषधाची बाटली. त्याआधी पांढऱ्या पेल्यात थोडं पाणी घेऊन उजेडात बघा. हिरवट झाक असेल तर ते तरंगणारं शेवाळ. दूध कालवल्यासारखं असेल तर जिवाणूंची वाढ. दोन्हींचे उपाय निराळे आहेत.

दुधाळपणा बहुतेकदा नव्या टँकमध्ये येतो. पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थांवर जगणारे जिवाणू झपाट्याने वाढतात. माशांच्या विष्ठेतून येणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू मात्र फार सावकाश वाढतात. त्यांचा जम बसायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. इथे थांबणं हाच उत्तम पर्याय. पाणी पुन्हापुन्हा बदलून ढग विरळ होतो, पण एक-दोन दिवसांत परत येतो. मी एकदा उतावीळपणे रोज निम्मं पाणी काढलं, वर फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने स्पंजमधले उपयोगी जिवाणू मेले आणि दोन मासे गेले. ती हळहळ अजून आहे. म्हणून सांगते, स्पंज पिळायचा तो टँकमधूनच काढलेल्या पाण्यात.

थांबायचं म्हणजे दुर्लक्ष करायचं नाही. खाणं कमी करा आणि एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) लावा, कारण हे जिवाणू प्राणवायू ओढतात. पाणी तपासायच्या टेस्ट किटवर अमोनिया किंवा नायट्राइट (अमोनिया पचताना बनणारा, तोही विषारी पदार्थ) दिसलं आणि टँकमध्ये मासे असतील, तर पाणी बदलायलाच हवं. मग ढगाचं काय होईल याचा विचार करू नका.

हिरव्या पाण्याला मात्र थांबून उपयोग नाही. इथे निवड ब्लॅकआउट, म्हणजे पूर्ण अंधार, आणि यूव्ही, म्हणजे पाणी अतिनील दिव्याजवळून फिरवणारं उपकरण, यांच्यात आहे. ब्लॅकआउटला खर्च नाही: टँक तीन-चार दिवस जाड कापडाने पूर्ण झाकायचा, झाडांसाठी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) देत असाल तर तो बंद, हवा चालू. अनुबियास किंवा जावा फर्नसारखी टँकमधली चिवट झाडं हे सहज सोसतात. नाजूक, भरभर वाढणारी झाडं पानं टाकू शकतात. शिवाय मेलेलं शेवाळ कुजून अमोनिया वाढतो, त्यामुळे कापड काढल्यावर भरपूर पाणी बदलावं लागतं. यूव्हीमध्ये झाडांना अंधार सोसावा लागत नाही आणि फिल्टरमधल्या, पृष्ठभागाला चिकटलेल्या जिवाणूंनाही धक्का लागत नाही. पण उपकरण विकत घ्यावं लागतं आणि त्याचा दिवा कालांतराने क्षीण होतो. पहिल्यांदाच हिरवं झालं असेल तर मी ब्लॅकआउट निवडेन. परतपरत होत असेल तर यूव्ही. कुठलाही उपाय केला तरी लाइट टायमरवर सहा ते आठ तासांवर आणा आणि टँकवर थेट ऊन येऊ देऊ नका.

आता लव. नव्या ड्रिफ्टवूडवर (टँकमध्ये सजावटीला ठेवलेल्या लाकडावर) पांढरी, बुळबुळीत, कापसासारखी लव आली तर घाबरू नका. लाकडातून झिरपणाऱ्या साखरेवर वाढलेली ती बुरशी आणि जिवाणूंची साय असते. काही आठवड्यांत ती आपोआप जाते. श्रिंप (टँकमधली छोटी कोळंबी) आणि गोगलगायी तर ती आवडीने खातात. दिसायला नकोशी वाटली तर जुन्या टूथब्रशने घासा. यावर औषध अजिबात नको, विशेषतः तांबं असलेलं, कारण ते श्रिंपच्या जिवावर बेततं.

पानांच्या कडांना काळे, दाढीसारखे झुबके दिसले तर ते काळं दाढी-शेवाळ. ते थांबून जात नाही. खूप माखलेली पानं सरळ कापून टाका. दगड किंवा लाकूड टँकबाहेर काढता येत असेल तर त्यावर तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड लावून काही मिनिटांनी धुवा. पाण्यात सगळीकडे लिक्विड कार्बन (झाडांसाठी बाटलीत मिळणारं द्रावण) ओतण्यापेक्षा मला हे बरं वाटतं, कारण त्या द्रावणातल्या ग्लुटारल्डिहाइड या रसायनाने व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीची पानं विरघळू शकतात. सीओटू देत असाल तर तो रोज एकसारखा मिळतोय का, तेही बघा. त्यातले चढउतार या शेवाळाला मानवतात. उपाय लागू पडला की काही दिवसांत झुबके लालसर होतात, आणि एरवी त्यांना तोंड न लावणारे श्रिंप तेव्हा ते कुरतडू लागतात.