घरी ताकदीच्या व्यायामासाठी व्हिडिओ निवडताना : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या जूनमध्ये पाऊस लागला आणि तलावपाळीवरचे माझे सकाळचे चालणे बंद पडले, तेव्हा मी घरी ताकदीचा व्यायाम शिकवणाऱ्या व्हिडिओंकडे वळले. कारण केवळ पावसाचे नव्हते. आदल्या वर्षी आईच्या खुब्याचे हाड मोडले होते, आणि पन्नाशीला आलेल्या बाईने नुसत्या चालण्यावर भागवू नये, असे तिच्या डॉक्टरांनी मला बजावले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही प्रौढांनी आठवड्यातून किमान २ दिवस सर्व मुख्य स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा, असे म्हटले आहे.

माझी पहिली निवड चुकली. त्या २० मिनिटांच्या व्हिडिओत ४० सेकंद व्यायाम आणि २० सेकंद विश्रांती या गतीने एकामागून एक प्रकार येत असत. घाम भरपूर येई, म्हणून व्यायाम चांगला होतो आहे असे मला वाटे. तिसऱ्या आठवड्यात डंबेल उचलताना कंबर धरली आणि पुढचे पाच दिवस खाली बसून उठणेही अवघड झाले. वेळ संपण्याआधी जास्तीत जास्त आवर्तने उरकण्याच्या घाईत वाकण्याची पद्धत बिघडते, आणि एवढ्याशा विश्रांतीत दम परत येत नसल्यामुळे भार वाढवण्याचा विचारही करता येत नाही. भार किंवा आवर्तने हळूहळू वाढत गेली नाहीत, तर स्नायू आहेत तिथेच राहतात.

नंतर मी कोणताही व्हिडिओ आधी खुर्चीत बसून पूर्ण पाहू लागले. त्यातून निवडलेला ४५ मिनिटांचा व्हिडिओ आजही आठवड्यातून तीनदा, मधे एक दिवस सोडून, वापरते. त्यात प्रकार सहाच आहेत : स्क्वॉट (उठाबशीसारखे खाली बसून उठणे), खुब्यातून वाकून वजन उचलणे, पुशअप, एका हाताने डंबेल मागे ओढणे, डंबेल डोक्यावर नेणे आणि प्लँक (कोपरांवर आणि पायांच्या बोटांवर अंग सरळ धरून स्थिर राहणे). प्लँक सोडून प्रत्येकाचे ८ ते १२ आवर्तनांचे तीन सेट आणि दोन सेटमध्ये ९० सेकंदांची विश्रांती. त्या वेळात प्रशिक्षिका गप्प राहते, हे मला फार मोलाचे वाटते.

सर्वांत उपयोगी भाग वाकण्याचा निघाला. आपण ‘कमरेतून वाक’ असेच ऐकत वाढलो, आणि केर काढताना पाठ गोल करून तसेच वाकतो. या व्हिडिओत प्रशिक्षिका बाजूने उभी राहून पाठीवर उभी काठी धरते. डोक्याची मागची बाजू, दोन खांदेफळांमधली जागा आणि माकडहाड या तीन ठिकाणी काठी टेकलेली ठेवून ती नितंब मागे नेते. मी फरशी पुसायच्या दांड्याने तेच केले, तर निम्म्या वाटेतच दांडा माकडहाडापासून सुटला. तो सुटेपर्यंतच वाकायचे, असा नियम करून दोन आठवडे मी रिकाम्या हाताने सराव केला, आणि कंबर पुन्हा धरलेली नाही.

उणिवाही आहेत. प्रशिक्षिका समोरून ‘उजवा’ म्हणते तेव्हा पडद्यावर तिचा हात आपल्या डाव्या बाजूला दिसतो आणि पहिले काही दिवस गोंधळ होतो. खांदे मोकळे करणे दोन मिनिटांत उरकले आहे. मी त्यासाठी वेगळी पाच मिनिटे देते. भार केव्हा वाढवावा, हेही नीट सांगितलेले नाही. तिन्ही सेटमध्ये १२ आवर्तने सलग दोन दिवस स्वच्छ झाली की वाढवायचा, हे मी स्वतः ठरवले. माझ्या डंबेलच्या दांड्याला दोन्ही बाजूंना सव्वा किलोची प्लेट लावली की एकदम अडीच किलो वाढतात. मागे ओढताना ही वाढ पेलते, डोक्यावर नेताना मात्र पेलत नाही, त्यामुळे तिथे अर्ध्या किलोच्या लहान प्लेट घेतल्या.

नऊ महिन्यांत वजनकाट्यावर जेमतेम एक किलोचा फरक पडला. वजन उतरवण्यासाठी कोणी हा व्हिडिओ शोधत असेल, तर त्याने ही अपेक्षा ठेवू नये. डंबेल ओढण्याचा भार मात्र अडीच किलोंवरून दहा किलोंवर गेला आहे. आमच्या नौपाड्यातील इमारतीला लिफ्ट नाही. गिरणीतून आणलेला दहा किलोंच्या दळणाचा डबा आता मी तिसऱ्या मजल्यापर्यंत मधे कुठेही न टेकवता नेते.