रेशेतनिकोवचं 'पुन्हा नापास' : कॅनव्हास प्रिंट, सात महिन्यांनंतर

फ्रेमबद्दल तक्रार नाही. अख्खा पावसाळा त्या भिंतीला ओल होती, तरी लाकूड फुगलं नाही की कॅनव्हास सैल पडलं नाही. चित्रातल्या बहिणीच्या गळ्यातला पायोनियरचा, म्हणजे सोव्हिएत शाळकरी मुलांच्या संघटनेचा, लाल रुमाल तर सुंदर आलाय. माझं भांडण चित्रातल्या चित्रावरून आहे.

मूळ चित्र सोव्हिएत चित्रकार रेशेतनिकोवचं, 1952 चं, मॉस्कोच्या त्रेत्याकोव गॅलरीतलं. पाचपैकी दोन गुण घेऊन पोरगा घरी आलाय, दोरीने बांधलेल्या दप्तरातून स्केट्स डोकावतायत, कुत्रा अंगावर झेपावतोय. मागे भिंतीवर, फाडायच्या कॅलेंडरखाली, एक छोटी तसबीर आहे. ते रेशेतनिकोवचंच 1948 चं चित्र: सैनिकी शाळेतला मुलगा सुट्टीवर आलाय आणि आजोबांना सॅल्यूट करतोय. माझ्या प्रिंटमध्ये तिथे तपकिरी डाग आहे. नुसता डाग.

दुकानदाराला फोटो पाठवले. "एवढं बारीक कोण बघतं?" मी बघतो, 2,400 रुपये मोजलेत. पाच फोन झाल्यावर म्हणे पुढच्या खरेदीवर सूट घ्या.

ती तसबीर म्हणजे शोभेची वस्तू नाही. त्या काळी चित्रात आदर्श, उमेदीचा माणूस दिसला पाहिजे असा सरकारी दंडक होता. रेशेतनिकोवने तो आदर्श मुलगा भिंतीवर टांगला आणि खोलीत नापास झालेला उभा केला. पुढे 1954 मध्ये सुट्टीत फेरपरीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा काढला, तेव्हा त्या घराच्या भिंतीवर हेच 'पुन्हा नापास' लावलं. तिन्ही चित्रं अशी एकमेकांत ओवलेली आहेत. माझ्या घरात तो धागाच तुटलाय.

पहिल्याच महिन्यात रागाने एक तारा दिला होता, तो आज बदलतोय. प्रिंट जेवणाच्या टेबलासमोर आहे, रोज दोनदा नजर जाते. आई ओरडत नाही, नुसती बसून बघतेय. ते बघणं मला आमच्या घरातलं वाटतं. वडील चित्रात नाहीत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात गेले असणार, असं मी धरून चाललो होतो. एका रात्री ताटं उचलता उचलता ही म्हणाली, "अहो, सायकलवरचा धाकटा बघा ना. पाच-सहा वर्षांचा आहे. म्हणजे युद्ध संपल्यावरचा." खरंच की! वडील बहुधा कामावर आहेत, संध्याकाळी येतील, आणि ही बातमी त्यांनाही सांगावी लागेल. तेव्हापासून सगळं चित्रच मला वेगळं दिसतं.

तीन तारे. घेणार असाल तर पैसे भरण्याआधी त्या तसबिरीचा जवळून काढलेला फोटो मागा, आणि त्यात आजोबा ओळखू आले तरच घ्या. मी 1948 चं चित्र 40 रुपयांत पोस्टकार्डाएवढं छापून शेजारी लावलंय. 2,400 मात्र अजून मागतोय.