पहिल्या क्रमांकाची लेखी हमी आणि बुडालेली वेबसाइट

‘गूगलवर पहिल्या क्रमांकावर आणून देतो, लेखी हमी देतो,’ असं कुणी म्हणालं की तिथेच नमस्कार करून मोकळे व्हा. आमच्या व्यवसायाला एका एसईओवाल्यांकडून, म्हणजे गूगलच्या निकालांत साइट वर आणायचं काम करणाऱ्यांकडून, अशी हमी सही-शिक्क्यासह मिळाली होती. वर्षभराचे पैसे तर गेलेच, शिवाय वेबसाइट आधी होती त्यापेक्षा वाईट अवस्थेत हाती आली. एसईओसाठी माणूस शोधत असाल तर पुढचं नीट वाचा. ही फसवण्याची रीत ठरलेली आहे, फक्त माणसं बदलतात.

‘आमचं गूगलशी टायअप आहे, तुमची साइट प्राधान्याने नोंदवली जाईल,’ इथून त्यांनी सुरुवात केली. एसईओचं काम कुणाला द्यावं याबद्दल गूगलने स्वतःच मार्गदर्शन लिहून ठेवलंय. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, विशेष संबंधांचा दावा करणाऱ्यांपासून सावध राहा, आणि प्राधान्याने नोंदणी हा प्रकारच अस्तित्वात नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. गूगलला जाहिरातीचे पैसे दिले तरी साध्या निकालांतली तुमची जागा त्यामुळे वर सरकत नाही. पहिल्याच बिलात ‘मेटा कीवर्ड भरणे’ (पानाच्या कोडमध्ये शोधशब्दांची न दिसणारी यादी टाकणे) हे मोठं काम म्हणून लावलं होतं. क्रमवारी ठरवताना तो टॅग आपण बघतच नाही, हे गूगलने २००९ सालीच जाहीर केलंय.

मग दर महिन्याला अहवाल यायचा. हिरवे बाण, रंगीत आलेख, आणि ‘पहिला क्रमांक’ मिळालेल्या शब्दांची भली मोठी यादी. ती यादीच खरी फसवणूक होती. अर्ध्या ओळींत आमच्याच व्यवसायाचं नाव होतं, आणि स्वतःच्या नावाने शोधल्यावर बहुतेक साइट तशीही वर येते. उरलेल्या ओळी इतक्या लांबलचक आणि विचित्र होत्या की तसं कुणी कधी टाइप करणारच नाही. जे कुणी शोधत नाही तिथे पहिलं येणं सोपं असतं. चौकशीचा फोन मात्र एकही वाढला नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘एसईओला वेळ लागतो.’ हे खरंच आहे. परिणाम दिसायला चार महिने ते वर्ष लागू शकतं असं गूगलही सांगतं. त्या खऱ्या वाक्याच्या आड त्यांनी सगळं वर्ष काढलं, याचाच जास्त संताप येतो.

साइटवर त्यांनी जे केलं ते तर ग्राहकांना छळणारं होतं. मोबाइलवर पान उघडताच पूर्ण पडदा झाकणारा पॉपअप यायचा आणि तो बंद करायची खूण बोटाने दाबता येणार नाही इतकी बारीक. शिवाय सरकते जड फोटो. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा हा गूगलचा निकष आहे. आमचं पान त्याच्या जवळपासही नव्हतं. नव्या रचनेत पानांचे पत्ते बदलले, पण जुने पत्ते नव्याकडे वळवलेच नाहीत. जुन्या ग्राहकांनी जपून ठेवलेल्या लिंक उघडल्या की ‘पान सापडत नाही’.

एका दृष्टिहीन ग्राहकाने कळवलं की तुमचं पान ऐकताना तेच तेच शब्द परत परत वाचले जातात. तेव्हा कळलं, पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत कीवर्डचे ढीग ओतले होते. डोळ्यांना ते दिसत नाहीत, पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर मात्र सगळे वाचून दाखवतो. लपवलेला मजकूर हा गूगलच्या नियमांनुसार स्पॅम आहे. पण नियम सोडा, कामाची माहिती हवी असलेल्या माणसाला ते ऐकत बसावं लागलं, हे आम्हाला फार लागलं.

गूगल शोधात साइट कशी दिसते याची आकडेवारी आणि सूचना देणारं गूगलचं साधन, सर्च कन्सोल, त्यांच्याच खात्यात होतं. ‘ते तांत्रिक आहे, आम्ही बघतो,’ म्हणायचे. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, आमच्या नावावर नोंदलेलं होतं म्हणून वाचलो. डीएनएसमध्ये (डोमेनच्या तांत्रिक नोंदींत) एक टीएक्सटी, म्हणजे मजकुराची, नोंद टाकून मालकी सिद्ध करता आली आणि गेल्या १६ महिन्यांची आकडेवारी समोर उघडली. ‘पहिला क्रमांक’ असलेल्या त्या विचित्र शब्दांवरून एकही क्लिक नव्हता, आणि त्या निकालांत साइट कुणाला दिसल्याची नोंदही नव्हती. त्याहून वाईट म्हणजे तिथे मॅन्युअल ॲक्शनची, म्हणजे गूगलच्या माणसांनी तपासून केलेल्या कारवाईची, सूचना पडून होती, अनैसर्गिक लिंकबद्दलची. जुगाराच्या आणि औषधांच्या भलत्या साइटवरून आमच्याकडे विकतच्या लिंक लावल्या होत्या. २०१२ च्या पेंग्विन अपडेटपासून, म्हणजे क्रमवारीच्या पद्धतीतल्या बदलापासून, अशा लिंकवर गूगलची उघड करडी नजर आहे. ती सूचना त्यांना दिसत होती, तरी ‘बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून येणाऱ्या लिंक) वाढवल्या’ म्हणून पुढचं बिल त्यांनी पाठवलंच.

सफाई कंटाळवाणी होती. लिंक काढायला त्या साइटवाल्यांना पत्रं लिहा, जे ऐकत नाहीत त्यांची डिसअव्हाव यादी, म्हणजे ‘या लिंक धरू नका’ अशी यादी, गूगलला द्या, लपवलेला मजकूर काढा, जुने पत्ते ३०१ने (‘पान कायमचं हललंय’ सांगणाऱ्या कोडने) नव्याकडे वळवा, मग गूगलकडे पुनर्विचाराचा अर्ज करा. कारवाई उठली. गेलेली जागा त्याबरोबर आपोआप परत मिळत नाही.

काम कुणालाही द्या. डोमेन, होस्टिंग (साइट ठेवलेली जागा), सर्च कन्सोल आणि गूगलवरचं बिझनेस प्रोफाइल, चारही ठिकाणी मालक म्हणून तुमचंच खातं हवं आणि त्यांना फक्त परवानगी द्यायची. आजच सर्च कन्सोलच्या सेटिंग्जमध्ये वापरकर्त्यांची यादी उघडून बघा. अनोळखी मालक दिसला तर नुसतं नाव काढून भागत नाही. त्याने साइटवर किंवा डीएनएसमध्ये ठेवलेली पडताळणीची फाइल, टॅग किंवा नोंदही काढा, नाहीतर तो पुन्हा मालकी सिद्ध करून आत येऊ शकतो.