कॉलेज रोडचं समुपदेशन केंद्र, मैदान सुटलेल्यांनी जावं का? (5 पैकी 4 स्टार)

आधीच सांगते, मी पाच हजार मीटरची रनर, नडगीला परत स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला पडणारी बारीक चीर) निघालं आणि डॉक्टरांनी एमआरआय बघून स्पर्धा बंद म्हणून सांगितलं, त्यानंतर इथे गेले. नाशिकमध्ये पळणाऱ्या पोरींना काय वेड असतं ते वेगळं सांगायला नको, 2010 ला कविताताई राऊतांनी दिल्लीत कॉमनवेल्थला 10,000 मीटरचं ब्राँझ घेतलं तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. सचिनला 2013 मध्ये वानखेडेवर अख्ख्या देशाने रडून निरोप दिला, आमच्यासारख्यांची रिटायरमेंट एमआरआयच्या रूमबाहेर बाकड्यावर होते आणि आई म्हणते, सुटलीस एकदाची, आता जरा केसबिस वाढव.

तर तिथल्या समुपदेशक मॅडमबद्दल. आवडलं ते हे, की त्यांनी 'विसरून जा' पण म्हटलं नाही आणि 'कोचिंग सुरू कर' पण नाही. हे दुसरं तर जो भेटेल तो सांगतो, आणि कोणी कोणी लगेच सरकारी नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणाचे फॉर्म पाठवतं, अरे थांबा ना जरा, माणूस गेल्यावर तेराव्यापर्यंत तरी थांबता ना. मॅडमनी कागदावर एक गोल काढायला लावला, चोवीस तासांचा, आणि पळण्यासाठी जे जे करायचीस ते रंगव म्हणाल्या. मला वाटलं सकाळ संध्याकाळ एवढंच रंगेल, पण दुपारची झोप पळण्यासाठी, रात्रीचं नऊला झोपणं पळण्यासाठी, लग्नात गुलाबजाम नाही म्हणणं पण पळण्यासाठीच, शेवटी पांढरा राहिला तो आंघोळीचा तुकडा. तिथे रडू फुटलं. त्या काही बोलल्या नाहीत, टिश्यूचा डबा सरकवला आणि बसून राहिल्या, हे फार कमी लोकांना जमतं.

कामाचं म्हणजे त्यांनी शरीराचं पण विचारलं. जन्मभर रोज घाम गाळून एकदम घरी बसलं की झोप, भूक, मूड सगळंच बिघडतं, म्हणून फिजिओला विचारून सायकल आणि पोहणं चालू ठेवायला लावलं, फक्त घड्याळ न लावता. हे घड्याळ न लावणं मला अजून जमत नाही. आणि पळण्याच्या ॲपवर ग्रुपमधल्या मैत्रिणींचे टायमिंग रोज उघडून बघायचे ते म्यूट करायला सांगितलं, मैत्रिणींना नाही हं, फक्त ॲपला. नेमबाज अभिनव बिंद्राचं उदाहरण दिलं, 2008 ला बीजिंग ऑलिम्पिकमध्ये गोल्ड घेतल्यावर त्यालाही आतून रिकामं वाटलं होतं हे त्याने स्वतः सांगितलंय. गोल्डवाल्याचं असं, मग आपण कोण, म्हणून थोडी लाज कमी झाली.

एक स्टार कापला त्याची कारणं. मॅडमना ॲथलेटिक्सचं फार माहीत नाही, सुरुवातीला सगळी उदाहरणं क्रिकेटची, लॅप म्हणजे ट्रॅकची एक फेरी हे पण मला त्यांना समजवावं लागलं. फी पण कमी नाही, आणि दिलेल्या वेळेला कधीच आत घेत नाहीत, बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहायचं. फी परवडत नसेल त्यांनी सरकारची टेलिमानस हेल्पलाइन 14416 लावा, फुकट आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. रात्री जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, लगेच फोन करा आणि घरातल्या कोणाला तरी उठवा.

आईवडिलांना एका सेशनला नक्की घेऊन जा. माझे पप्पा बाहेर येऊन एवढंच म्हणाले, तुझे स्पाइकचे बूट मी माळ्यावर नाही टाकले, कपाटात आहेत. आधी घरात हा विषयच काढायचा नाही असं चाललं होतं.

संध्याकाळी जाणार असाल तर गाडी नेऊ नका, पार्किंगला जागाच मिळत नाही, रिक्षा बरी.